बायोडिझेल : इंजिन तयार, पण तेल कोठून आणायचे?

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन मांडले होते. फ्रेंच सरकारच्या इच्छेनुसार ते खनिज तेलाऐवजी शेंगदाण्याच्या तेलावर चालविले जात होते. इंजिन इतके सुरळीत चालत होते, की ही गोष्ट फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आली, असे या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने पुढे नमूद करून ठेवले आहे. फ्रेंच सरकारचा हेतू उघड होता. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. तेथील यंत्रे तेथल्याच तेलावर चालली, तर कोळसा किंवा खनिज तेल दूरवरून वाहून नेण्याची गरज उरणार नव्हती.

वनस्पती तेलावर इंजिन चालते, हे अशा रीतीने सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. पुढे खनिज तेल स्वस्त आणि विपुल मिळू लागले आणि हा प्रयोग विस्मृतीत गेला. त्यानंतर जेव्हा जेव्हा खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा तेव्हा बायोडिझेलची आणि पर्यायी इंधनांची चर्चा नव्याने सुरू झाली. या चर्चेत दोन वेगळ्या प्रश्नांची बहुधा गल्लत होते. हे इंधन गाडीत चालेल काय, हा पहिला प्रश्न. ते पुरेसे मिळेल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्राने व यंत्रशास्त्राने केव्हाच दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर शेतात, जंगलात आणि उपाहारगृहांच्या भटारखान्यात शोधावे लागते, आणि भारताचा गेल्या दोन दशकांचा अनुभव सांगतो की खरी अडचण तेथेच आहे.

तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे

खाद्यतेल आणि बायोडिझेल ही एकच वस्तू आहे, असा गैरसमज सर्रास आढळतो. वास्तविक या दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. वनस्पती तेलाचा रेणू मोठा व जड असतो. ग्लिसरीनच्या कण्याला स्निग्ध आम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्यामुळे तेलाचा दाटपणा, म्हणजेच विष्यंदिता, डिझेलच्या सुमारे दहापट भरते. असे दाट तेल इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून नीट फवारले जात नाही. थेंब मोठे राहतात, ज्वलन अपुरे होते, छिद्रांभोवती काजळीचा थर साचतो आणि न जळालेले तेल वंगणात उतरून ते घट्ट होऊ लागते. इंजिन सुरू होते, काही दिवस ठीक चालते आणि नंतर अचानक मोठा खर्च उभा करते.

यावर उपाय म्हणजे तेलाच्या रेणूची फोड करणे. तेल सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात मिथेनॉल आणि उत्प्रेरक म्हणून थोडा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिसळला, की ग्लिसरीन सुटे होऊन तळाशी बसते आणि वर स्निग्ध आम्लांचे मिथिल एस्टर उरते. हेच बायोडिझेल. ढोबळ मानाने १०० किलो तेल आणि ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो बायोडिझेल व १० ते ११ किलो ग्लिसरीन मिळते. या प्रक्रियेला ट्रान्सएस्टरिफिकेशन असे भारदस्त नाव असले, तरी तिचे तत्त्व साबण करण्याच्या जुन्या पद्धतीला जवळचे आहे. किंबहुना, तेलात पाण्याचा अंश किंवा मोकळी आम्ले अधिक असतील, तर बायोडिझेलऐवजी खरोखरच साबण तयार होतो आणि सारा घाणा वाया जातो.

ही प्रक्रियाही नवी नाही. ब्रसेल्स विद्यापीठातील शॅवान यांनी १९३७ साली पाम तेलाच्या एस्टरचा इंधन म्हणून वापर करण्याचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी ब्रसेल्स व लूव्हँ यांच्या दरम्यान अशा इंधनावर प्रवासी बस धावली.

सोपे तत्त्व वाचून घराच्या गच्चीवर किंवा गोठ्यात बायोडिझेल तयार करण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेलाच बरा. मिथेनॉल हे अत्यंत ज्वालाग्राही आणि तितकेच विषारी द्रव्य आहे. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. त्याची वाफ श्वासातून व द्रव त्वचेतून शरीरात जाऊ शकतो आणि त्याने दृष्टी जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात मिथेनॉलची खरेदी-विक्री विषारी पदार्थांसंबंधीच्या नियमांखाली येते, ती याच कारणाने.

इंजिनात काय घडते?

योग्य रीतीने तयार केलेले बायोडिझेल डिझेल इंजिनाला मानवते. त्यात सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. त्यात गंधक जवळपास नसते आणि त्याचा वंगणगुण चांगला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यानुसार डिझेलमध्ये २० टक्के सोयाबीनचे बायोडिझेल मिसळल्यास धुरातील सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळालेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी कमी होतात. नायट्रोजनची ऑक्साइड मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे लाभ निश्चित आहे, पण तो निर्भेळ नाही.

वाहनधारकाच्या दृष्टीने काही व्यावहारिक बाबीही ध्यानात घ्याव्या लागतात. बायोडिझेलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते. शुद्ध बायोडिझेल वापरल्यास लिटरमागे सुमारे ८ टक्के ऊर्जा कमी मिळते, आणि मायलेज त्या प्रमाणात उतरते. हे इंधन चांगले द्रावकही आहे. वर्षानुवर्षे डिझेल वापरलेल्या टाकीच्या तळाशी व नळ्यांत बसलेला गाळ ते सोडवते आणि तो गाळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात फिल्टर वारंवार बदलावा लागतो. जुन्या वाहनांतील नैसर्गिक रबराच्या नळ्या व सील या इंधनाने फुगतात किंवा मऊ पडतात. तेथे टिकाऊ फ्लुओरो रबराचे भाग बसवावे लागतात. शिवाय बायोडिझेल हवेतील बाष्प शोषून घेते आणि काही महिन्यांत त्याचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. क्वचितच चालणाऱ्या जनरेटरच्या टाकीत ते भरून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

थंडी हा आणखी एक मुद्दा. ज्या तेलापासून बायोडिझेल केले, त्या तेलाचा स्वभाव त्यात उतरतो. पाम तेलाचे बायोडिझेल १३ ते १६ अंश सेल्सिअसलाच गढूळ होऊ लागते, तर मोहरीवर्गीय रेपसीड तेलाचे शून्याच्या आसपासही प्रवाही राहते. भारतातील तळणात पाम तेलाचा मोठा वाटा आहे. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या हिवाळी पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा असे इंधन अधिक प्रमाणात भरलेली गाडी सुरू होण्यास कुरकुर करू शकते.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर तर अधिक सावधगिरी आवश्यक झाली आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. धुरातील कण अडवणारा गाळक साफ करण्यासाठी काही इंजिनांत ज्वलनानंतर थोडे जादा इंधन फवारले जाते. बायोडिझेल सावकाश बाष्पीभूत होत असल्याने त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून वंगणात झिरपतो. म्हणून बहुतेक उत्पादक मर्यादित मिश्रणालाच मान्यता देतात. भारतीय मानकानुसार पंपावर मिळणाऱ्या सामान्य डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते आणि तेवढ्यासाठी वाहनात कोणताही बदल करावा लागत नाही. त्यापुढे जाण्यापूर्वी वाहनाची पुस्तिका उघडून पाहावी, कारण बिघाड झाल्यास वॉरंटीचा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

मोगली एरंडाचा धडा

इंजिनाची बाजू अशी बहुतांशी निर्धोक असताना बायोडिझेल घराघरांत का पोहोचले नाही? याचे उत्तर मोगली एरंडाच्या कहाणीत सापडते.

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. ही आयात वर्षाला सुमारे दीड कोटी टनांच्या घरात जाते. अमेरिकेप्रमाणे सोयाबीन तेल किंवा इंडोनेशियाप्रमाणे पाम तेल जाळणे आपल्याला परवडणारे नाही, हे धोरणकर्त्यांनी आरंभीच ओळखले. म्हणून अखाद्य तेलबियांकडे लक्ष वळले. आपल्याकडे करंजाचे कडू तेल दिव्यासाठी वापरले जाई, कोकणच्या किनाऱ्यावर उंडीचे तेल दिव्यात व होड्यांना लावण्यासाठी परिचयाचे होते, आदिवासी पट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल काढले जाई. या सर्वांत निवड झाली ती जट्रोफाची, म्हणजे आपल्याकडे शेताच्या कुंपणाला लावल्या जाणाऱ्या मोगली एरंडाची. त्याची पाने जनावर तोंडात घेत नाही, तो पडीक जमिनीत तग धरतो आणि त्याच्या बियांत ३० ते ३५ टक्के तेल असते.

नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली आपला अहवाल दिला. देशात सुमारे १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन या लागवडीस उपलब्ध होऊ शकेल, असा त्यात अंदाज होता. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एकूण भौगोलिक क्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक भरते. हेक्टरी पावणेचार टन बी आणि त्यापासून सुमारे १.२ टन तेल, असा हिशेब मांडला गेला. त्यापूर्वीच ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालविण्यात आली होती. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तयार केलेल्या जट्रोफा बायोडिझेलवर मर्सिडिजच्या मोटारींनी २००४ साली देशभर हजारो किलोमीटरचा पल्ला पार केला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी या पिकाचा आपल्या भाषणांतून हिरिरीने पुरस्कार केला. डिझेल यापुढे आखातातून नव्हे, तर आपल्या परसातून येईल, अशा आशयाची घोषणा छत्तीसगडमध्ये गाजली. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी ठरावीक केंद्रांवर लिटरला २५ रुपये दराने बायोडिझेल खरेदी करण्याचे धोरण अमलात आले.

प्रत्यक्षात काय झाले? पडीक जमिनीत झाड जगले, पण फळले नाही. जट्रोफा कमी पाण्यात तगतो हे खरे. मात्र भरपूर बी देण्यासाठी त्यालाही पाणी, खत आणि निगा लागते. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी उतारा गृहीत धरलेल्या आकड्याच्या जवळपासही पोहोचला नाही. अनेक ठिकाणी निवडक वाणाऐवजी मिळेल ते बी लावले गेले होते. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने वेचणीची मजुरी वाढली. बी विषारी असल्याने पेंड जनावरांना घालता येईना. तेल आणि प्रक्रिया यांचा एकत्रित खर्च सरकारी खरेदी दरापेक्षा जास्त होऊ लागला आणि खरेदी केंद्रांकडे बायोडिझेल फिरकलेच नाही. कागदावर ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या जमिनी बहुतेकदा गावाच्या गायरानाच्या, सरपणाच्या आणि चराईच्या कामी येत होत्या, हेही तेव्हा पुरेसे विचारात घेतले गेले नाही.

२००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. ते वर्ष आले आणि गेले. डिझेलमधील बायोडिझेलचे प्रमाण १ टक्क्याच्याही खालीच राहिले. २०१८ च्या नव्या धोरणाने बायोडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे अधिक वास्तववादी केले. जट्रोफाची झाडे पूर्णपणे वाया गेली असे म्हणता येणार नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने त्याच तेलापासून बनविलेले मिश्र इंधन वापरून ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडून ते दिल्ली असे प्रवासी विमान उडविण्यात आले. परंतु प्रयोग यशस्वी होणे आणि पुरवठा उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कढईतील तेलाचा प्रवास

शेतातून तेल मिळेना, तेव्हा लक्ष शहराकडे वळले. वडे, भजी, फरसाण, चिप्स यांच्यासाठी रोज तापणाऱ्या कढयांतून मोठ्या प्रमाणावर वापरलेले तेल शिल्लक राहते. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात आणि ती आरोग्याला घातक ठरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून या संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली. त्यापुढे गेलेले तेल खाद्य म्हणून वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांवर मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवण्याचे बंधन आले. हे टाकाऊ तेल गोळा करून बायोडिझेल निर्मितीकडे वळविण्याची मोहीमही प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू केली आणि पुढच्या वर्षी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीसाठी प्रस्ताव मागविले. पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये असा दर जाहीर झाला.

या मार्गाचे वैशिष्ट्य असे, की त्यात जमीन लागत नाही आणि कोणाच्या ताटातले काढून घेतले जात नाही. उलट ताटात जाऊ नये ते तेथून दूर होते. मोठ्या हॉटेलात वापरून काळे झालेले तेल स्वस्तात विकले जाऊन लहान गाड्यांवर पुन्हा तापते, हा प्रकार शहरी ग्राहकाला नवा नाही. गटारात ओतलेले तेल मलवाहिन्या तुंबवते. म्हणजे वापरलेल्या तेलापुढे तीन वाटा असतात : कोणाच्या तरी पोटात, गटारात किंवा इंजिनात. यांपैकी तिसरी वाट निर्विवादपणे उत्तम होय.

तथापि, येथेही आकड्यांचे भान सुटता कामा नये. देशात वर्षाला सुमारे २२० कोटी लिटर वापरलेले तेल बायोडिझेलसाठी उपलब्ध होऊ शकेल, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा अंदाज होता. वजनात हे सुमारे २० लाख टन होते. भारतात डिझेलचा वार्षिक खप जवळपास ९ कोटी टन आहे. म्हणजे अंदाजातील तेलाचा थेंबन् थेंब गोळा झाला, तरी त्यातून डिझेलच्या फार तर २ टक्के गरज भागेल. शिवाय हे तेल विखुरलेल्या हजारो कढयांत असते. काळ्या बाजारात त्याला मिळणारा भाव संकलकाच्या भावापेक्षा जास्त असेल, तर ते इंजिनाऐवजी पुन्हा कढईत जाणार, हे उघड आहे.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. २००२ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील लानेली परिसरात अनेक वाहनधारक दुकानातले खाद्यतेल थेट गाडीत ओतत असल्याचे उघडकीस आले आणि इंधनावरील कर बुडविल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. पुढे जून २००७ पासून तेथील सरकारने वर्षाला २,५०० लिटरपर्यंतच्या जैवइंधनाला करमाफी दिली. छोट्या प्रमाणावर हौशी मंडळींची सोय झाली. देशाच्या इंधनाचा प्रश्न त्याने सुटला नाही. याउलट इंडोनेशियाने डिझेलमध्ये पाम तेलाच्या बायोडिझेलचे प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेले. पण तो देश पाम तेलाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे, आणि त्या मळ्यांसाठी तोडलेल्या वर्षावनांची किंमत हा तेथे कायमच वादाचा विषय राहिला आहे. जंगल तोडून लावलेल्या पिकाचे तेल जाळले, तर हवेतील कार्बन वर्षानुवर्षे कमी होण्याऐवजी वाढतो.

कोणत्या इंजिनाला कोणते इंधन?

इंधनाच्या पुरवठ्याचा विचार असा सरकार आणि कंपन्यांनी करावयाचा असला, तरी आपल्या दारातील गाडीचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक वाहनधारकाला पडतोच. त्यासाठी इंजिनाचे दोन प्रकार समजून घेणे पुरेसे आहे. पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. पर्यायी इंधनाची निवड या एका फरकावर ठरते.

बायोडिझेल केवळ डिझेल इंजिनासाठी आहे. पेट्रोलच्या गाडीत ते कदापि भरू नये. त्यासाठी कोणतेही ‘किट’ लागत नाही. लागतात ते योग्य रबरी भाग, स्वच्छ टाकी आणि खात्रीचे इंधन. प्रक्रिया न केलेल्या तेलावर गाडी चालविण्यासाठी दोन टाक्यांची पद्धत परदेशांत वापरली गेली. त्यात इंजिन डिझेलवर सुरू करायचे, त्याच्या उष्णतेने तेल तापवून पातळ करायचे, मग तेलावर जायचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन काढायच्या, असा क्रम असतो. जुन्या, साध्या इंजिनांत हे जमून गेले. आजच्या बीएस-६ वाहनांसाठी ही पद्धत योग्य नाही.

सीएनजी आणि एलपीजी ही मुख्यतः पेट्रोल इंजिनाची सोबती आहेत. ठिणगी आधीच असल्याने इंजिन न उघडता टाकी, दाबनियंत्रक, गॅसचे इंजेक्टर, नियंत्रक संगणक आणि इंधन बदलण्याचे बटण बसविले, की गाडी दोन्ही इंधनांवर चालते. त्या बदल्यात डिकीतील जागा जाते आणि चढावर ताकद थोडी कमी जाणवते. डिझेल इंजिन सीएनजीवर नेणे मात्र मोठी शस्त्रक्रिया ठरते. संपीडन कमी करावे लागते, स्पार्क प्लगसाठी जागा करावी लागते, इंधनाची सारी यंत्रणा बदलावी लागते. खासगी मोटारीसाठी ते सहसा परवडत नाही.

इथेनॉल हे पेट्रोलचे भाईबंद आहे. डिझेलमध्ये ते सहज मिसळून राहत नाही. देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार शुद्ध पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. अशाच दुचाकींत ही घट ३ ते ४ टक्के असते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना या कार्यक्रमाने नवी बाजारपेठ दिली. परंतु येथेही कच्च्या मालाचा प्रश्न सुटलेला नाही. साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध आणले आणि ते पुढच्या वर्षी उठविले.

कायदा, सुरक्षितता आणि हिशेब

वाहनात परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही. सीएनजी किंवा एलपीजीचे किट पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने त्या विशिष्ट वाहनप्रकारासाठी मान्य केलेले असावे लागते. ते अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावे आणि १४ दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवून नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाचा बदल नोंदवून घ्यावा. विमा कंपनीलाही तसे कळविणे आवश्यक आहे. अन्यथा अपघातानंतर दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. बीएस-६ पेट्रोल वाहनांत असे किट बसविण्यासंबंधीचे नियम केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित केले.

सीएनजीची टाकी सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरली जाते. तिची चाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे, आणि चाचणीची तारीख उलटलेली टाकी घेऊन फिरणे म्हणजे स्वतःबरोबर रस्त्यावरील इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय. एलपीजीचा दाब बराच कमी असतो. पण तो वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळघरातील वाहनतळासारख्या बंदिस्त जागी खाली साचून राहतो. घरगुती सिलिंडर गाडीत वापरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारे आहे. बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्त औद्योगिक तेल विकण्याचे प्रकारही देशात उघडकीस आले आहेत. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारे ‘बायोडिझेल’ इंजेक्टर आणि पंप यांच्या दुरुस्तीत त्या बचतीच्या कितीतरी पट रक्कम घेऊन जाते.

बदल फायद्याचा ठरेल की नाही, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. किट, नोंदणी व चाचणी यांचा एकूण खर्च घ्यावा आणि त्याला दर किलोमीटरमागे होणाऱ्या बचतीने भागावे. समजा, खर्च ५० हजार रुपये आणि बचत किलोमीटरला २ रुपये असेल, तर २५ हजार किलोमीटरनंतर गाडी नफ्यात येते. रोज ७० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला तो टप्पा वर्षभरात गाठता येतो. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या मोटारीला कित्येक वर्षे लागतात. भाव बदलले की आकडे बदलतील; रीत तीच राहील. त्याबरोबर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर पंप किती आहेत आणि तेथे रांगेत किती वेळ जातो, हेही त्या हिशेबात धरावे.

ही शेवटची बाब किती महत्त्वाची असते, हे दिल्लीने दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये राजधानीतील सर्व बस मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. बस बदलता येत होत्या. गॅसचे पंप पुरेसे नव्हते. मुदत टळली, चालकांना पंपांवर तासन् तास रांगा लावाव्या लागल्या आणि २००२ साल संपत आले तेव्हा कोठे हे स्थित्यंतर पूर्ण झाले. आदेशाने वाहने बदलली, मात्र ती धावू लागली ती पुरवठा उभा राहिल्यावर.

बायोडिझेलच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी लागेल. ते डिझेलची जागा घेईल, ही अपेक्षा अवास्तव आहे. ते काहीच उपयोगाचे नाही, हा निष्कर्षही तितकाच घाईचा ठरेल. शहरातील वापरलेले तेल कढईतून निघून परत कढईत न जाता संकलन केंद्रात पोहोचले, तर डिझेलमधील एक-दोन टक्के वाटा त्यातून उभा राहू शकतो आणि शहराच्या आरोग्याचा लाभ वेगळाच. पॅरिसच्या प्रदर्शनातील त्या इंजिनाने कोणते तेल आहे, हे विचारले नव्हते. ते विचारण्याची जबाबदारी इंजिनाची नाही. ती ते तेल पिकविणाऱ्या, गोळा करणाऱ्या आणि वापरणाऱ्या समाजाची आहे.